मागच्या सीटवरचा तांडेल

बाळकुमच्या कोळीवाड्यातला चंदू केणी चहा प्यायचा की कॉफी एवढं ठरवायलासुद्धा आधी शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचा. स्वभावच तसा. दहा जणांना विचारायचं, दहाही जणांचं पटायचं आणि मग घरी येऊन डोकं धरून बसायचं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो लेथवर होता. तिथे मात्र त्याचा हात कधी चुकला नाही, कारण समोर ड्रॉइंग टांगलेलं असायचं आणि त्यात दिलंय तेवढंच कापायचं असायचं. कारखान्याबाहेर असं ड्रॉइंग कोण देणार? लग्नाच्या वेळीसुद्धा त्याची आई आवडाबाई हिने शेवंतीला परस्पर पसंत करून टाकलं म्हणून बरं, नाहीतर गडी अजून विचारतच फिरला असता.

अशा माणसावर सत्याऐंशी साली मोटरसायकल निवडायची पाळी आली. तीही स्टेशनपर्यंत जाण्यायेण्यासाठी नव्हे. मागे म्हातारा बाप बसवून किनाऱ्याकिनाऱ्याने थेट मंगळूरपर्यंत जायचं होतं.

बापाचं नाव दामाजी. अख्खा कोळीवाडा त्याला दामाजी तांडेल म्हणायचा. तांडेल म्हणजे होडीचा धनी. सुकाणू त्याच्या हातात आणि होडीवर शब्दही त्याचाच. चंदूला कळायला लागलं तेव्हापासून दामाजीची स्वतःची होडी खाडीत होती. पण त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयात, तो मंगळुरी कौलं आणणाऱ्या गलबतावर खलाशी होता. रत्नागिरी, मालवण, कारवार, मंगळूर अशा फेऱ्या त्याने केल्या होत्या. ठाण्या-कल्याणच्या जुन्या घरांवरची कितीतरी कौलं आपल्या हातून उतरली आहेत, असं तो सांगायचा आणि रस्त्याने जाताना छपरांकडे मालकाच्या नजरेने बघायचा.

त्याच दामाजीच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. ठाण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की जी नजर गेली ती काही परत यायची नाही. थेंब घालत राहा, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, पण किती दिवस ते सांगता येत नाही. समोरचं त्याला अजून नीट दिसत होतं. बाजूचं मात्र हळूहळू मिटत चाललं होतं. ताटाशेजारी ठेवलेला पेला हटकून लवंडायचा आणि दामाजी पेला ठेवणाऱ्यावर खेकसायचा.

दवाखान्यातून परत आल्यावर तो ओट्यावर बसला होता. चंदू काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "बाबा, तुला काय बघायचंय का? म्हणजे कुठे जायचंय का?"

दामाजीने खाडीकडे मान फिरवली. मग म्हणाला, "मना किनारा बगाचा हाय."

"कुठला?"

"तोच. मंगलूरपरत. मी त्यो समुंदरातशी बगलाय. खाली जाताना किनारा डाव्या हाताला. बंदरात माल उतरला का परत गलबतावर. जमिनीवरशी कवा बगलाच नाय. एकदा समुंदर उजव्या हाताला ठेवून जाचा हाय."

एवढंच त्याचं मागणं. आयुष्यभर त्याने मुलाकडे काही मागितलं नव्हतं. चंदू सतरा वर्षांचा असताना होडी सोडून कारखान्यात चिकटला, तेव्हाही हा माणूस हो म्हणाला नव्हता की नाही म्हणाला नव्हता. खाडीतली मासळी तेव्हाच कमी व्हायला लागली होती, पाण्याला कारखान्यांचा वास यायला लागला होता. चंदूचं काही चुकलं नव्हतं. पण ते न बोलणं त्याच्या पोटात अजून तसंच होतं.

एसटीचा प्रश्नच नव्हता. बंद गाडीत बसलं की दामाजीला पोटातून ढवळून यायचं. दर्यात कधी बोट न लागलेला माणूस भिवंडीपर्यंत जाईतो पिशवी मागायचा. शिवाय एसटी तिच्या रस्त्याने जाणार. हा म्हणेल तिथे, बंदर दिसेल तिथे थोडीच थांबणार? मोटरसायकलच हवी. एवढं ठरलं आणि चंदूचे हाल सुरू झाले.

कारखान्यात तो ड्रॉइंग ऑफिसच्या प्रभाकर टिपणीसांकडे गेला. टिपणीस डोंबिवलीचे. तरुणपणी त्यांनी बायकोला, सरोजला मागे बसवून मोटरसायकलवरून गोवा केला होता आणि त्या एका सहलीवर ते पुढची वीस वर्षं बोलत होते.

"केणी, लांबच्या प्रवासाला येझदी," टिपणीस म्हणाले. "डोळे मिटून घ्या. आमची सरोज गोव्यापर्यंत झोपा काढत गेली."

लेथवरचे सोबती म्हणाले, राजदूत घे, खड्ड्यातून बैलासारखी जाते. चुलतभाऊ म्हणाला, बुलेट. वजन आहे, ट्रक बाजूने गेला तरी हलणार नाही. कँटीनमधला एक जण नव्या शंभर सीसीच्या गाड्यांचं गुणगान गाऊ लागला. पेट्रोलचा वास दिला तरी म्हणे धावतात. चंदूला सगळंच पटलं. रात्री तो शेवंतीला म्हणाला, "गाडी हलकी पायजे, आणि जड पण पायजे."

शेवंती म्हणाली, "मग हत्ती घ्या आणि त्याला उपाशी ठेवा." आणि कूस बदलून झोपली.

शेवटी टिपणीसांचा मान राखून त्याने कल्याणच्या सखाराम मिस्त्रीकडून जुनी पण नीट ठेवलेली येझदी घेतली. सखारामचं गॅरेज म्हणजे एक पत्रा आणि त्याखाली दहा-बारा उघडी पडलेली इंजिनं. माणूस सचोटीचा. गाडी देताना म्हणाला, "चंदूशेठ, इंजिन एकदम टकाटक. बिनधास्त जा. काय लफडा झाला तर मी बसलोय."

मग गाडी सजायला लागली. टिपणीसांनी सांगितलं म्हणून मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या लावल्या. क्लचची वायर, ॲक्सिलेटरची वायर, दोन प्लग, ट्यूब आणि पंक्चरचं सामान एका पेटीत गेलं. पुढे काच बसवली. दामाजीसाठी मागच्या सीटला पाठ टेकायला दांडा लावला. दामाजी हे सगळं जवळ जाऊन, बोटांनी चाचपून बघत होता. एका संध्याकाळी तो खाडीवरून दोन गुळगुळीत धोंडे घेऊन आला आणि पेट्यांच्या तळाला ठेवायला लागला.

"बाबा, हे काय?"

"बुराला भार नाय तं वाऱ्यानं कलंडंल. होरीला घालतात ना?"

चंदूला तेही पटलं. धोंडे राहिले. त्यांच्यावर दोर आला, ताडपत्री आली, गोड्या पाण्याचा कॅन आला. आवडाबाईने दुसऱ्या पेटीत सुके बोंबील आणि सोडे बांधून दिले, कारण परमुलखात माणसं काय खातात कुणास ठाऊक. निघायला अजून दोन महिने होते, पण तिला धीर नव्हता. बाळकुम नाक्यावरची कुत्री त्यानंतर चंदूची गाडी आली की उठून उभी राहायची.

पहिल्यांदा बापाला मागे बसवून तो निघाला तो कशेळीच्या बाजूला, सहज चक्कर मारायला. सरळ रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. दामाजी मागे ताठ बसलेला. डावं वळण आलं. चंदूने गाडी झुकवली आणि गाडीने ऐकलंच नाही. कुणीतरी मागून धरून ओढावं तशी ती उजवीकडे, समोरून येणाऱ्या ट्रककडे सरकायला लागली. चंदूने जिवाच्या करारावर हँडल दाबलं, ब्रेक मारला आणि कसाबसा कडेला आला.

मागून दामाजी शांतपणे म्हणाला, "हां. सावरली."

परत येताना उजवं वळण होतं. तेव्हा गाडी डावीकडे, गटाराच्या बाजूला ओढली. पुन्हा तीच धडपड आणि पुन्हा मागून तेच, "सावरली." चंदूला तो टोमणा वाटला. त्याचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी तो कल्याणला. सखारामने गाडीवरून दुर्गाडीपर्यंत फेरी मारली आणि म्हणाला, "गाडी एकदम बरोबर आहे." चंदूने स्वतः चालवून पाहिली, बरोबर होती. तरी सखारामने चाकं एका रेषेत आहेत का ते दोरा धरून तपासलं, पुढचे शॉकॲब्सॉर्बर उघडले, टायर बदलले. घरी येऊन बापाला बसवलं तर वळणावर पुन्हा तेच.

टिपणीस म्हणाले, "मागच्या वजनाचा दोष असेल. वजन ठेवून बघा." चंदूने मागे तांदळाची गोणी बांधली. गाडी वळली. मग आवडाबाईला बसवलं. ती एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मासळीची पाटी घेऊन, वाटेत भेटेल त्याला हाका मारत ठाण्याच्या मार्केटपर्यंत गेली आणि गाडी कुरकुरली नाही. शेवंतीला बसवलं, गाडी वळली. या सगळ्यांहून हलका, हाडांचा सापळा असलेला दामाजी बसला की मात्र गाडीच्या अंगात यायचं.

माणसाने विचार तरी काय करायचा? चंदू रोज डोक्याचा भुगा करून घेत होता. आवडाबाई म्हणाली, कुणाची तरी नजर लागलीय. लिंबू-मिरची बांधली. टिपणीस म्हणाले, चासीच वाकडी असणार, आणि स्वतः मागे दामाजीला घेऊन बघायला निघाले. दामाजी बसला नाही. "मी पोराच्या गारीवर बसन," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या नाय."

मग सखारामच्या ओळखीने येझदी देऊन राजदूत आली. पेट्या काढल्या, पुन्हा लावल्या, धोंडे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेले. वळणावर तेच. "सावरली," तेही तेच. तेवढ्यात दिवाळी गेली, उन्हं वाढली आणि त्या वर्षीचं जाणं राहिलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टर जास्त काही बोलले नाहीत. थेंब बदलून दिले. पण चंदूला घरी दिसत होतं. आता पेला बाजूलाच नाही, थोडा पुढे ठेवला तरी लवंडत होता. दामाजी ओट्यावरून खाडी बघताना मान अशी हळूहळू फिरवायचा, जणू एका नळीतून बघतोय. आणि खेकसणं थांबलं होतं. पेला पडला की तो गप्पच बसायचा. ते चंदूला जास्त लागायचं.

पावसाळ्यात राजदूत गेली आणि बुलेट आली. चुलतभावाने छाती ठोकून सांगितलं होतं, एवढ्या लोखंडापुढे म्हाताऱ्याचं काय चालणार! नव्या गाडीची परीक्षा घ्यायला चंदू बापाला घेऊन कल्याणला गेला. परतताना शीळफाट्यावर मुंब्र्याकडे वळायचं होतं. बुलेट वळली नाही. सरळ समोरच्या मातीत उतरली आणि उसाच्या रसाच्या गाड्यापासून हातभर अंतरावर थांबली. रसवाला घुंगरं सोडून पळाला.

"सावरली," दामाजी म्हणाला.

चंदूला राहवलं नाही. "काय सावरली, बाबा? काय सावरली? तू मागे बसलास का गाडी मरते माझी! तीन गाड्या झाल्या!"

दामाजीने त्याच्या आवाजाच्या दिशेने मान फिरवली. घरापर्यंत दोघंही बोलले नाहीत. त्या रात्री चंदूच्या मनात जे वर्षभर घुटमळत होतं ते सरळ समोर येऊन उभं राहिलं. गाडीत दोष नाही. रस्त्यात नाही. बापाचा आपल्यावर भरवसाच नाही. होडी सोडून गेलेल्या पोराच्या मागे बसायला त्याचं अंग तयार होत नाही, आणि गाडीला ते कळतं. हा विचार खुळा आहे हेही चंदूला कळत होतं. पण सखारामला विचारता येईल असा तो प्रश्न नव्हता, टिपणीसांनाही नाही. पहिल्यांदाच त्याच्याकडे विचारायला कुणी नव्हतं.

नारळी पुनवेनंतरच्या रविवारी दामाजी म्हणाला, होडी पलीकडच्या काठाला बांधायची आहे, चल. मासे मारायला तो आता जात नव्हता, पण होडी ठेवली होती. चंदू वल्ही मारायला बसला. बाप मागे सुकाणूशी. खाडी भरलेली होती. दोघांमध्ये शीळफाट्यापासूनचा अबोला होता, त्यामुळे चंदू मान वर न करता बापाच्या गुडघ्यांकडे बघत वल्ही ओढत होता.

रेती भरलेला एक बार्ज जवळून गेला. त्याची लाट आली आणि होडी डावीकडे कलली. दामाजीला बार्ज दिसला नव्हता. त्या बाजूचं त्याला दिसतच नव्हतं. पण होडी कलताक्षणी त्याचं सगळं अंग, कंबरेपासून वर, आपोआप उजवीकडे गेलं. होडी सरळ झाली. मग ती उजवीकडे कलली, आणि म्हातारा डावीकडे गेला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"सावरली," तो स्वतःशीच म्हणाला.

चंदूची वल्ही पाण्यातच राहिली. त्याला आधी हसू आलं, मग रडू आलं. साठ वर्षं हा माणूस असाच बसला होता. बूड कललं की भार दुसऱ्या बाजूला टाकायचा, नाहीतर होडी गेली आणि माणसंही गेली. मोटरसायकल वळताना झुकते, तिला झुकायचंच असतं. आणि ती झुकली की मागे बसलेला तांडेल सगळ्या ताकदीने तिला वाचवत होता. प्रत्येक वळणावर वाचवत होता. तीन गाड्या, टायर, शॉकॲब्सॉर्बर, लिंबू-मिरची, सगळं त्या एका झुकण्यापायी.

सगळ्यात आधी त्याला बरं वाटलं. भरवशाचा प्रश्नच नव्हता तर! मग लगेच नवा घोर लागला. हे आता बापाला सांगायचं कसं?

त्याने सांगितलं ते अर्थातच वाकडंतिकडं सांगितलं. आधी विज्ञान सांगितलं, मग गाडीचं वजन सांगितलं, मग म्हणाला, "म्हणजे बाबा, तू जे करतोस ना, ते बरोबर आहे. पण इथे ते चूक आहे."

दामाजी ऐकत राहिला. "म्हंजे तवापासशी मी सावरत नव्हतू," तो म्हणाला. "मी बुरवीत होतू."

"तसं नाही रे बाबा—"

"तसाच हाय."

तरी त्याने शिकून बघितलं. बाळकुमच्या मोकळ्या मैदानात चंदू त्याला घेऊन गोल गोल फिरायचा आणि ओरडायचा, "आता डावीकडे! डावीकडे झुक!" दामाजी विचार करून झुकायचा, आणि विचार होईपर्यंत वळण संपलेलं असायचं. मग सरळ रस्त्यावर तो एकटाच झुकलेला. कधी मन डावीकडे जायचं आणि कंबर उजवीकडे. पूर्वी गाडी निदान ठरून वळणाच्या उलट बाजूला ओढायची, आता ती कुठे जाईल याचा भरवसा राहिला नाही. एका संध्याकाळी दोघं चिखलात आडवे झाले. लागलं फार नाही, दामाजीचं कोपर खरचटलं. पण तो उठला, धोतर झटकलं आणि गाडीच्या पेटीचं झाकण चाचपून त्याने आतले दोन धोंडे बाहेर काढले.

"मी नाय येत," तो म्हणाला. "मीच भार झालू. तू जा, बगून ये, आन् मना सांग."

चंदूला हुंदका आवरला नाही. धोंडे घेऊन खाडीकडे चाललेला बाप त्याला दिसत होता.

घरी आवडाबाईने सगळं ऐकलं. कोपराला हळद लावताना तिने नवऱ्याचं बखोट घट्ट धरलं.

"मी तुज्या होरीत किती वर्सं बसली?" तिने विचारलं.

"बसलीस. त्याचा काय?"

"होरी हलली का मी कवा इकरं तिकरं झाली? झाली का, सांग!"

दामाजी बखोट सोडवू लागला, तिने सोडलं नाही.

"मी पान्याकरं बगतच नव्हती. तुज्याकरं त्वांड करून बसायची. तू हलशील तशी हलायची, माज्या जिवाला ठावंच नाय का होरी कवा कलली. तू मागं बसून रस्त्याकरं बगतंस, म्हनून तुजा हात सुकान्याला जातो. सुकान सोर आता. त्यो पोराचा हाय." हळदीचं बोट तिने त्याच्या कोपरावर जरा जोरातच दाबलं. "रस्त्याकरं बगू नको. त्याच्या पाठीला त्वांड लाव आन् गप बस."

"मंग किनारा कवा बगू?"

"गारी थांबंल तवा! का धावत्या गारीतशी बगाचा हाय?"

शेवंती चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. दामाजी मात्र हसला नाही. जेवणही त्याने गुमानच केलं. पण सकाळी चंदू उठला तेव्हा बुलेटच्या पेटीत धोंडे परत आले होते.

दिवाळी झाल्यावर ते निघाले. आवडाबाईने चाकापुढे नारळ फोडला, टिपणीस मुद्दाम डोंबिवलीहून सकाळी सकाळी आले आणि त्यांनी सरोजने दिलेला लाडवांचा डबा कुठे ठेवायचा यावर बरंच मार्गदर्शन केलं. बोंबील नवे भरलेले होते. नाक्यावरच्या कुत्र्यांनी कळव्याच्या पुलापर्यंत सोबत केली.

कळव्यापर्यंत, मुंब्र्यापर्यंत रस्ता फार वळत नाही. चंदू हळू चालवत होता. मागे बापाचं अंग ताठ आहे की सैल, हे त्याला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. शीळफाटा जवळ आला. इथून पनवेलकडे उजवं वळण घ्यायचं होतं. तोच फाटा, तोच रसाचा गाडा. रसवाल्याने बुलेट ओळखली आणि तो स्टुलावरून उठून उभा राहिला.

चंदूने दात आवळले आणि गाडी झुकवली.

मागून ओढ आली नाही. त्याऐवजी पाठीच्या मधोमध काहीतरी टेकलं. कपाळ होतं. जन्मात कधी ज्या बापाने त्याला जवळ घेतल्याचं आठवत नव्हतं, त्याचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलं होतं, आणि त्याच्या कमरेभोवती दोन हात आले होते. गाडी वळत होती. पण वर्षभरात चंदूच्या हातांनाही बापाच्या ओढीची सवय लागली होती. ती येणारच असं धरून त्याने हँडल तिच्याविरुद्ध दाबून ठेवलं होतं. ओढ आलीच नाही तेव्हा गाडी त्याच्याच हाताने नको तेवढी झुकली, डगमगली, सगळं आयुष्य हातातून निसटल्यासारखं त्याला वाटलं.

मागचं अंग हललं नाही. पाठीवरचं कपाळ तसंच राहिलं, आणि शर्टात तोंड खुपसूनच म्हातारा ओरडला,

"तांडेल! सरल चालव!"

कोळीवाड्यात हा शब्द कुणी कुणाला गमतीने म्हणत नाही. चंदूला आजवर तो कुणीच म्हटलेला नव्हता. बापाच्या तोंडून तो येईल, तोही आपल्यासाठी, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुढच्या काचेतून रस्ता धूसर दिसायला लागला, पण हात आपोआप मोकळे झाले. बुलेट सरळ झाली आणि पनवेलच्या रस्त्याला लागली. मागे रसवाला खाली बसला.

बरंच पुढे गेल्यावर पाठीशी आवाज आला. "गेला का वलन?"

"गेला, बाबा."

"मना कललाच नाय." मग दामाजीने विचारलं, "समुंदर कंच्या हाताला येल?"

"उजव्या," चंदू म्हणाला. कुणालाही न विचारता म्हणाला. "दिसला का मी थांबवतो."

"थांबव," दामाजी म्हणाला आणि त्याने कपाळ पुन्हा पाठीला टेकवलं.